जॅकवरची कुंकवाची रेघ

बदलापूरच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी हरिचंद्रांचा उजवा हात वर उचलून पाहिला, मागे नेऊन पाहिला. हरिचंद्रांनी डाव्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरली.

"दिवसभर या हातानं करता काय?" बाईंनी विचारलं.

"एक तर पखवाज वाजवतो. नायतर ट्रॅक्टरची टॉप लिंक फिरवतो."

बाईंना पखवाज कळला, टॉप लिंक कळली नाही. हरिचंद्रांनी टेबलावरचं पेन, पट्टी आणि औषधाची बाटली घेऊन समजावलं. ट्रॅक्टरच्या मागे माती सारायचा पाटा तीन ठिकाणी धरलेला असतो. खाली दोन हात, वर मधोमध एक आट्यांचा दांडा. हीच टॉप लिंक. ती आखूड केली की पाटा मातीत घुसतो, लांब केली की वरवर चालतो. दर वेळी खाली उतरायचं, दांड्यात सळई घालून जोर लावून फिरवायचं, पुन्हा सीटवर चढायचं. दिवसातून वीस-वीस वेळा.

"मग दोनातलं एक निवडा," बाई पेन परत घेत म्हणाल्या. "दोन्ही करायला हा खांदा पुरणार नाही."

हरिचंद्र रिक्षात बसले ते हाच विचार घेऊन. बारवी धरणाच्या खालच्या अंगाला त्यांची सात खाचरं होती, आणि माघातल्या सप्त्यात गेली चाळीस वर्षं कीर्तनाला पखवाज त्यांचाच. बुवा निरूपणात रंगून मधेच थांबतात, सगळा मांडव श्वास धरून बसतो, आणि त्या थांबण्यावर नेमकी एक थाप पडावी लागते. ती थाप त्यांना देवानं दिलेली वाटे. आणि खाचरं बापानं दिलेली. आता यातलं कुठलं परत करायचं?

मुलगा कमलेश अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर. फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, "बाबा, दांडा काढून टाका आन् त्याजागी हायड्रोलिक जॅक बसवा. सीटवर बसून मूठ ओढली की लांब, ढकलली की आखूड. साइड लिंकचापण मिळतो. सेटच मागवतो ऑनलाइन. फक्त माप पाठवा."

साइड लिंक म्हणजे पाट्याच्या दोन्ही हातांना वर उचलून धरणाऱ्या दोन उभ्या दांड्या. उजवीच्या जागी जॅक आला की पाटा हवा तसा एका बाजूला कलवता येतो. हरिचंद्रांना हे फार नवलाचं वाटलं. पण न पाहिलेली वस्तू फोनवरून मागवणं त्यांना पटेना. पखवाजाचं चामडं ते बोटानं वाजवून घेत, मग हे तर लोखंड. त्यांनी पाणसळ लावून पाटा पुढून-मागून सरळ केला. टॉप लिंक एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत हिरव्या सुतळीनं मोजली, उजवी साइड लिंक लाल सुतळीनं. गाठी मारल्या आणि सुतळ्या खिशात टाकल्या.

"मी पन येतंय," त्यांची बायको मोतीबाई पिशवी घेऊन दारात उभ्याच होत्या. "ट्रॅक्टर धुवायला मी, रंगवायला मी, आन् सामान आणायला तुमी एकटं?"

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जितेशचं जॅक आणि पाइपांचं दुकान होतं. जितेश सिंधी, चाळिशीचा. मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलेला. काउंटरवरच्या सुतळ्या पाहून तो म्हणाला, "काका, हे काय? करगोटे आणलेत काय दो-दो?"

"माप हाय ते. हिरवा टॉपचा."

"पाटा सीधा ठेवून घेतलं?"

"पाणसळ लावून."

जितेशनं दोन जॅक समोर ठेवले. एक पूर्ण मिटलेला असताना हिरव्या सुतळीएवढा बरोबर भरत होता. दुसरा चांगलाच आखूड. हरिचंद्रांनी पहिल्यावर हात ठेवला. "हाच. नेमका बसला."

"बसला," जितेश म्हणाला. "आता पाटा मातीत घुसवायचा आहे, तर याला अजून आखूड करा."

हरिचंद्रांनी जॅककडे पाहिलं. तो मिटलेलाच होता, आणखी कुठं मिटणार? त्यांची बोटं आपोआप काउंटरच्या कडेवर ठेका धरू लागली. मग एकाएकी थांबली.

"गठ्ठा," ते म्हणाले.

"कसला गठ्ठा?"

"पखवाजाच्या वादीखाली लाकडाचे गठ्ठे असतात. ठोकून सरकवले की सूर चढतो, उतरतो. गठ्ठा आधीच टोकाला नेऊन बसवला तं बुवांनी सूर चढवला की मी काय करणार? तो मधेच पायजे. दोनीकडं सरकायला जागा." त्यांनी दुसरा जॅक ओढून घेतला. "हा अर्धा उघडला की सुतळीएवढा होईल. मग लांबपन होईल, आखूडपन."

"काका, ये बात समजावायला मला लोकांना एक-एक घंटा लागतो," जितेश म्हणाला आणि त्यानं चहा सांगितला.

चहा पिता पिता हरिचंद्रांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. आत तेल कुठून येतं, पाटा वर असताना ते तेल मागे का फिरत नाही? फिरतं, जितेशनं कबूल केलं. साध्या जॅकमधून थोडं थोडं मुरत जातं आणि पाटा हळूहळू कलतो. म्हणून लॉकचा व्हॉल्व्ह लावलेला घ्यायचा, तो तेल जागच्या जागी अडवतो.

"ते बरं," हरिचंद्र म्हणाले. "अभंगाच्या मधेच वादी ढिली पडते त्यातली गत नको."

"आता गाडीला मागे नळ्या लावायची तोंडं किती?"

"दोन."

"मग जॅक एकच चालेल. एक तोंड उघडायला, एक मिटायला. दोन जॅक पायजेत तर वेगळा व्हॉल्व्ह बसवावा लागेल, ते काम मोठं आहे. टॉपला लावायचा की साइडला, ते तुम्ही ठरवा." जितेशनं लाल सुतळी उचलली. "हा कुठल्या साइडचा?"

"उजवा."

"आणि डावा?"

"दोनी सारखेच."

"मोजला?"

हरिचंद्रांनी मोतीबाईंकडे पाहिलं. मोतीबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

"काका, मी झुलेलालवर भरवसा ठेवतो, न मोजलेल्या मापावर नाही ठेवत. मोजून या. जॅक इथंच आहे, पळत नाही."

घरी येऊन हरिचंद्रांनी चप्पलही न काढता ट्रॅक्टर गाठला. लाल सुतळी डाव्या लिंकला लावली. ती चार बोटं कमी पडली. पुन्हा लावली. पुन्हा चार बोटं.

"कंपनीनं लंगडा ट्रॅक्टर दिला आपल्याला," ते म्हणाले. "अकरा वर्षं आपन लंगड्यावर बसतोय."

"सरका जरा." मोतीबाई वाकल्या. उजव्या लिंकच्या वरच्या अंगाला एक जाडसर फुगवटा होता, लालभडक रंगाचा. त्यांनी नखानं खरवडलं. लालाखाली लाल निघाला, त्याखाली गेरू, त्याखाली पुन्हा लाल. मग त्यांनी विळी आणली. रंगाचे पापुद्रे पडत गेले आणि आतून आटे दिसू लागले. आट्यांच्या वर फिरवायची एक मूठ, मांडीशी पाय दुमडून बसल्यासारखी, रंगात गच्च चिकटलेली.

हरिचंद्रांनी मूठ हलवून पाहिली. हलेना.

"दर दसऱ्याला मीच रंगवलाय," मोतीबाई म्हणाल्या. "मना वाटलं, दांडा हाय. पूजेला सुबक दिसावा म्हणून दोन-दोन हात देत आले."

"म्हणजे पयल्या दसऱ्याला हा जिथं होता, तिथंच थांबला."

"तुमाला कधी फिरवावासा नाय वाटला?"

"फिरतो हेच माहीत नव्हतं, तं फिरवू काय?"

डिझेल ओतून त्यांनी मूठ भिजत ठेवली. सकाळी चिंध्या गुंडाळून मोतीबाईंनी जोर लावला, आणि करकर करत मूठ फिरली. हरिचंद्र ते बघत असतानाच त्यांच्या डोक्यात दुसरंच काही फिरू लागलं. ते तडक खाचराकडे चालू लागले. मोतीबाई मागून.

सातही खाचरांचं एकच दुखणं होतं. पोट उंच, आणि पाणी सगळं बांधाकडे. दरवर्षी मधला भात तहानलेला आणि कडेचा बुडालेला. हरिचंद्र म्हणत, जमिनीची जातच तशी.

"उजवी बाजू चार बोटं वर," ते बांधावर उभे राहून हातानं दाखवू लागले. "म्हणजे डावी खाली. डावी जास्त खणनार. आन् मी फिरतो कसा?"

मोतीबाईंना सांगायची गरज नव्हती. बैल असतानाही आणि ट्रॅक्टर आल्यावरही या घरात शेताला वळसा घालायचा तो देवळातल्या प्रदक्षिणेसारखाच, शेताचा मध्य उजव्या हाताला ठेवून. म्हणजे डावी बाजू सदा बांधाकडे.

"अकरा वर्षं प्रदक्षिणा घालून कडा खणल्या," हरिचंद्र म्हणाले, "आन् बोल लावला जमिनीला."

"देवाला तरी नाय लावला ना?" मोतीबाई म्हणाल्या. "मग झालं. ती ऐकून घेते." आणि पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. हरिचंद्रांनाही हसू आवरेना. खांदा दुखत होता तरी ते हसत राहिले.

मग निवड सोपी झाली. साइड लिंक आता हातानं फिरत होती, आणि ती एकदा लावली की आठवडाभर हात लावायची गरज नव्हती. खांदा खाल्ला होता टॉप लिंकनं. जॅक तिलाच.

"आन् साइडची मूठ?" हरिचंद्रांनी विचारलं.

"ती मी फिरवीन. मीच बंद केलेली."

जितेशकडून लॉक व्हॉल्व्हवाला आखूड जॅक आला. पाटा वर-खाली होताना नळ्या ताणल्या जाऊ नयेत म्हणून त्यानं त्या हातभर जास्त कापून दिल्या, आणि हरिचंद्र निघताना एक गोष्ट बजावली. पाटा उचला, जॅकच्या चकचकीत दांड्यावर खडूनं रेघ मारा, इंजिन बंद करून एक तास सोडून द्या. रेघ आत गेली किंवा बाहेर सरकली तर जॅक परत आणा.

जॅक बसला. पाटा उचलला. घरात खडू नव्हता. मोतीबाईंनी देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि दांडा जिथं जॅकच्या नळकांड्यात शिरतो त्या काठाला लागून, तेलाच्या बोटानं कुंकवाची बारीक रेघ ओढली.

"तासभर करायचं काय?" हरिचंद्रांनी विचारलं, पण पाय आधीच ओटीकडे वळले होते. त्यांनी पखवाजाची गवसणी काढली. डाव्या तोंडाला कणीक लावली. गठ्ठे ठोकून मधे आणले. सप्ता नऊ दिवसांवर होता आणि खांद्याच्या भीतीनं त्यांनी पंधरवडाभर पखवाज उघडलाच नव्हता.

पहिली थाप जपून पडली. दुसरी जरा मोकळी. मोतीबाई तांदूळ निवडता निवडता अभंगाची ओळ गुणगुणू लागल्या, बुवा थांबतात तिथं मुद्दाम थांबल्या आणि त्यांनी वर पाहिलं. हरिचंद्रही थांबले होते. हात हवेत होता. मोतीबाईंनी मुद्दाम वाट बघायला लावली, बुवांपेक्षाही जास्त. मग ओळ उचलली, आणि थाप नेमकी तिथं पडली.

हात दुखला का, हे मोतीबाईंनी विचारलं नाही. उन्हं कलली तेव्हा त्या उठून अंगणात गेल्या, जॅकपाशी वाकल्या, आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"काय?" हरिचंद्रांनी ओटीवरून विचारलं.

"काठालाच हाय," मोतीबाई म्हणाल्या. "तुमी वाजवा."