मुक्या चौकटीतली हार्प

निवेदिता आयर्लंडहून कायमची परत आली ती आईच्या आजारपणामुळे. तिकडे ती दहा-बारा वर्षं एका हॉस्पिटलात नर्स होती. परत येताना तिच्या सामानात एकच मोठी वस्तू होती, ती म्हणजे कमरेच्या वर येणारी, उभ्या तारांची लाकडी हार्प. नागावच्या घरी आणताना टेम्पोवाल्याने ती कसलंसं शिलाईचं यंत्र समजून आडवी टाकली होती. पुढे आई गेली, निवेदिता अलिबागच्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरीला लागली आणि हार्प मागच्या खोलीत चादरीखाली राहिली.

हार्प तिला शिकवली मॉरीनने. मॉरीन त्या हॉस्पिटलात पेशंटांसाठी वाजवायला यायची आणि ड्युटी संपल्यावर निवेदिता वॉर्डाच्या दाराशी उभी राहून ऐकायची. एकदा मॉरीननेच तिला आत बोलावून तारांवर हात ठेवायला लावला. तिथून सुरू झालं. आता मॉरीन ऐंशीची होत होती आणि तिची दृष्टी पार गेली होती. तिच्या देशोदेशी पांगलेल्या शिष्यांनी तिचीच एक धून आपापल्या घरी वाजवून पाठवायची, मग ते सगळं जोडून एक व्हिडिओ करायचा आणि वाढदिवसाला तिला ऐकवायचा, असं ठरलं. जोडणार होती तेजस्वी, मूळची पुण्याची, मॉरीनची शेवटची विद्यार्थिनी. मधला छोटा तुकडा निवेदिताने एकटीने वाजवावा, हेही तेजस्वीनेच सुचवलं. निवेदिता इतकी खूश झाली की लगेच हो म्हणून बसली.

चादर काढली तर खालची एक जाड तार तुटलेली. खारी हवा, दुसरं काय. नवी तार बाहेरून मागवली, ती कस्टममध्ये अडकली. शेवटी ती अलिबागला जाळ्यांच्या दुकानात गेली आणि मासे धरायचा जाड तंगूस, नायलॉनचा दोरा, घेऊन आली. तंगूस बसला, वाजलाही. पण नवा तंगूस ताणत राहतो. सूर लावून पाणी प्यायला उठावं, परत यावं, तर तो खाली उतरलेला.

त्यात घर. वाडीतल्या पुढच्या चार खोल्या तिची भावजय कुमुद पर्यटकांना भाड्याने द्यायची. निवेदिताला सुट्टी रविवारी आणि पर्यटकांची गर्दीही रविवारीच. एका कानात इअरफोन घालायचा, त्यातली सगळ्या शिष्यांना सारखी दिलेली तालाची टकटक ऐकत वाजवायचं, समोर मोबाइल लावायचा, बाजूला माइक. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, समुद्राचा येतो म्हणून खिडक्या बंद. मे महिना. घाम बोटांवरून तारांवर यायचा. पहिल्यांदा किनाऱ्यावर जेट स्की सुरू झाली. मग माडांना पाणी सोडायचा पंप. त्यानंतर सगळं जमून आलं असताना पुढच्या अंगणात कोणीतरी स्पीकर लावला. निवेदिता तशीच उठून पुढे गेली आणि पाहुण्यांसमोरच कुमुदवर ओरडली.

 पाहुणे समुद्रावर गेल्यावर कुमुद मागे आली आणि दारातच उभी राहिली.

"ताई, तुमचं वाजवणं मला कळत नाही. पण हे घर या लोकांवर चालतंय, तेवढं ध्यानात ठेवा."

 दोघी दोन दिवस कामापुरतंच बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी कुमुदने आपणहून सांगितलं, पुढच्या बुधवारी खोल्या रिकाम्या आहेत, पंपही बंद ठेवते, रजा काढा. निवेदिताने रजा काढली. सकाळभर वाजवलं आणि शेवटी एक रेकॉर्डिंग चांगलं जमलं. त्या मधल्या तुकड्यात एका स्वरावर मॉरीनने तिला क्षणभर थांबायला शिकवलं होतं. पेशंटाने श्वास घ्यावा तेवढं, असं ती म्हणायची. निवेदिता तिथे थांबली आणि टकटक चुकली नाही. नेट इतकं मंद होतं की व्हिडिओ जायला दुपार उलटली. तेजस्वीचा फक्त अंगठा आला.

वाढदिवसानंतर व्हिडिओची लिंक आली. रविवारची सकाळ होती, निवेदिताने कुमुदलाही बोलावलं. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येकीत एक हार्प. मधला तुकडा आला आणि निवेदिताची चौकट मोठी झाली. कुमुद कौतुकाने काही म्हणणार होती, पण निवेदिताचा चेहरा पाहून थांबली. पडद्यावरचा हात त्या स्वरावर थांबला होता. आवाज थांबला नव्हता. तो सरळ पुढे गेला, गोल, स्वच्छ. तो तिचा नव्हताच.

तिने लगेच फोन लावला. तेजस्वीने आधी इकडचं तिकडचं सांगितलं, मग कबूल केलं. निवेदिताची खालची तार उतरलेली होती. सूर कॉम्प्युटरवर सुधारून पाहिला, तर पत्र्यासारखा वाजायला लागला. वेळ उरला नव्हता, म्हणून कॅनडातल्या ओळखीच्या एका वादक बाईंकडून तो तुकडा वाजवून घेतला.

"मला विचारायचं तरी होतंस," निवेदिता म्हणाली.

"विचारलं असतं तर तुम्ही परत वाजवून पाठवते म्हणाला असतात, ताई. आणि तुमचा चेहरा तर ठेवलाय ना आम्ही."

"मॉरीनला दिसत नाही, तेजस्वी."

 तेजस्वी हळूच सॉरी म्हणाली. निवेदिताने फोन ठेवला.

राग असा होता की जेवण जाईना. कोणावर काढावा तेही कळेना. तार खरंच उतरली असणार, हे तिला माहीत होतं, आणि त्यानेच जास्त चिडचिड होत होती. शेवटी तिने मॉरीनलाच फोन लावला. म्हातारी खुशीत होती. व्हिडिओ छान झाला म्हणाली. मधला तुकडा कोणी वाजवला, फार नीट वाजवला, पण माझ्याकडे शिकलेलं कोणी वाटलं नाही, असं म्हणाली. आणि मग विचारलं की तुला जमलं नाही का गं भाग घ्यायला.

निवेदिताने सांगितलं ते सगळं एका दमात, तंगुसापासून कॅनडापर्यंत. मॉरीन म्हणाली, मग आता वाजव.

तिने फोन खुर्चीवर ठेवून सुरुवात केली. अर्ध्यावर पाहिलं तर फोन कट झालेला. पुन्हा लावला, पुन्हा कट. नेट धड चालायचं ते फक्त पुढच्या ओटीवर, पाहुण्यांच्या वायफायवर. आणि ओटीवर पाहुणे सुरमई खात बसले होते. लोकांपुढे वाजवायचा निवेदिताला मनापासून कंटाळा. ती दारात घुटमळली. कुमुदने वाढता वाढता तिच्याकडे पाहिलं, भांडं खाली ठेवलं आणि न विचारता हार्पची दुसरी बाजू उचलली.

ओटीवर जेवणाची ताटं, खरकटं, कावळे. एकाने लगेच मोबाइल वर केला. निवेदिता त्याला म्हणाली, "खाली ठेवा तो. हे तुमच्यासाठी नाहीये." तो ओशाळून जेवायला लागला. तिने इअरफोन घातला नाही. सूर लावला आणि धून पहिल्यापासून वाजवली. समुद्रावर जेट स्की घोंगावत होती, स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता. मधला तुकडा आला, ती थांबायचं तिथे थांबली, हवं तेवढं थांबली, आणि पुढे गेली.

धून संपली. मॉरीन म्हणाली, ही तू आहेस. आणि जराशाने म्हणाली की ती खालची तार मात्र भयानक आहे, बदल. निवेदिताने हसून सांगितलं की नवी कस्टममधून सुटेल तेव्हा बदलेन.  पण व्हिडिओ तसाच राहणार होता, लोक तो पाहणार होते, तिच्या हातावर दुसरीचा आवाज ऐकणार होते. त्याचं ती काही करू शकत नव्हती.

संध्याकाळी तेजस्वीचा मेसेज आला, पुढच्या वर्षी नवीन धून करतोय, तुम्ही हव्याच. निवेदिताने वाचला आणि उत्तर दिलं नाही. पाहुण्यांपैकी एका बाईंनी पुन्हा काही वाजवता का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली. कुमुद म्हणाली, "उचला ताई, अंधार पडायच्या आत न्यायला हवी." मागच्या दारातून हार्प आत घेताना कोन जमेना. दोघी एकमेकींना, अशी नको तशी, थोडी तिरकी, म्हणत राहिल्या.