डोंगराआडचे घर

ब्रिस्टलच्या एका शाळेत बत्तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या पद्माकर आठल्यांवर वादात हार मानण्याची वेळ फारशी कधी आली नव्हती. पण २००४ सालच्या सप्टेंबरातील आठ तारखेच्या त्या सकाळी आपण चुकलो असू अशी नुसती शंका त्यांना आली, आणि त्यांनी मांडीवरचा ॲटलास पुन्हा उघडला.

पानावर ग्रेनाडा होते. कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय टोकाला चौतीस किलोमीटर लांबीचे, जायफळाच्या बागांचे बेट. आधी कॅरिब लोकांचे, मग फ्रेंचांचे, मग इंग्रजांचे आणि गेली तीस वर्षे स्वतःचे. त्यांची मुलगी सुचेता डॉक्टर होताच सहा महिन्यांसाठी तिथल्या एका दवाखान्यात गेली होती. शेजारच्या मिसेस जोसेफ मूळच्या तिथल्याच. त्यांनी आपली थोरली बहीण ऑलिव्ह हिच्या घरी पोरीची सोय लावून दिली होती.

काल दुपारी सुचेताचा फोन आला होता.

“बाबा, हरिकेन इकडेच येतोय. मिस ऑलिव्ह म्हणते, टेकडीवरच्या दगडी शाळेत जाऊया.”

“पंचावन्न सालानंतर तिथे एवढे मोठे वादळ आलेले नाही. आणि आले तरी वारा पूर्वेचा. तुमचे गाव पश्चिम किनाऱ्यावर, मधे माउंट सेंट कॅथरिन. महाबळेश्वरावर ढग फुटतात तेव्हा पलीकडे वाईत माणसे छत्रीवाचून हिंडतात. सह्याद्री पाठीशी असावा तसा तुमचा डोंगर आहे. घर सोडू नका.”

“पण बाबा...”

“पण काय? नकाशा काढ आणि माझी चूक दाखव.”

सुचेता हसली होती. “ओके, ओके, तुम्ही जिंकलात.”

संध्याकाळपासून तिचा फोन लागत नव्हता.

“तिनं तुम्हाला विचारलं होतं ना?” सुप्रभाबाईंनी रात्रीपासून तिसऱ्यांदा विचारले. “काय सांगितलंत नक्की?”

“शाळेत जा म्हटले,” आठले तिसऱ्यांदा म्हणाले. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोशी वाद पुष्कळ घातले होते; खोटे बोलण्याची गरज पडली नव्हती.

तेवढ्यात मिसेस जोसेफ मागच्या दाराने आत आल्या. अंगावर ड्रेसिंग गाऊन तसाच होता. सुप्रभाबाईंनी दिलेला चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

“रेडिओ म्हणतो, दहातल्या नऊ घरांची छपरं गेली, टीचर.”

“पश्चिमेचीसुद्धा?” आठल्यांनी विचारले. “पण मधे डोंगर आहे.”

“डोंगराला काय विचारता? वारा तो चढतो आणि उतारावरून दुप्पट जोरानं खाली कोसळतो. पंचावन्नच्या वादळात मी सात वर्षांची होते. आमचं छप्पर डोंगराकडूनच उचललं होतं.” मग त्यांनी आठल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पण तुम्ही त्यांना शाळेत पाठवलंत, सुप्रभा मला म्हणाली. देव तुमचं भलं करो. ऑलिव्ह फार हट्टी आहे. माझं तिनं कधीच ऐकलं नसतं.”

तो हात आठल्यांना सोसवेना. पूर्वेचा वारा त्यांनी अचूक सांगितला होता. मात्र तो सह्याद्रीवर पाऊस टाकून दमलेला मोसमी वारा नव्हे, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

फोन वाजला. सुप्रभाबाईंनी झडप घातली. “सुचू! अगं, सुचू!” म्हणत त्या खाली बसल्या आणि हुंदके देत त्यांनी रिसीव्हर नवऱ्याच्या हाती दिला.

“बाबा, मी ठीक आहे, आय प्रॉमिस. काल डिलिव्हरीची केस आली म्हणून दवाखान्यात गेले. इथे काँक्रीटची स्लॅब आहे.”

“आणि ऑलिव्ह?”

“तुमचं ते वाई-महाबळेश्वर मी तिला सांगितलं होतं. तिला पटलं, बाबा. म्हणाली, टीचर सांगतात तर मी घरीच थांबते.” सुचेताचा आवाज फुटला. “तिथे घरच नाहीये. आम्ही शोधतोय.”

मिसेस जोसेफना मराठी कळत नव्हती. सुप्रभाबाईंचे आनंदाचे अश्रू पाहून त्याही हसत होत्या.

“पोरगी सुखरूप आहे ना? आणि ऑलिव्ह? शाळेतच आहे ना ती?”

आठल्यांनी रिसीव्हर छातीशी धरला. उत्तर जुळवायला त्यांना सवयीने वेळ लागत नसे. या वेळी त्यांनी ते जुळवले नाही.

“मिसेस जोसेफ,” ते म्हणाले, “मी त्यांना शाळेत जा म्हणालो नव्हतो.”