अर्ध्यावर आलेला झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. गडावरचा नव्हे, टेबलावरचा. आल्बोर्ग या डॅनिश शहरातल्या एका सुताराने माझी हातभर काठी घडवली आणि त्याच्या बायकोने लाल कापडावर पांढरा क्रॉस शिवून ते बारीक दोरीला बांधले. ज्याचा वाढदिवस असेल, ज्याला यश मिळाले असेल, त्याच्या टेबलावर मला ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. दोरी सैल पडून कापड अर्ध्यावर आले, तर मात्र कुणी तरी वारले असा अर्थ होतो. म्हणून ठेवणारा आधी गाठ तपासतो.

देशोदेशी श्रवणयंत्रे विकणाऱ्या एका कंपनीच्या मार्केटिंग विभागात माझे आयुष्य गेले. पूर्वी तिथली जुनी कर्मचारी उला मला कपाटातून काढून प्रेमाने पुसत असे. नंतर ते काम इंटर्नशिपला आलेल्या मारेनकडे गेले. मारेन विद्यापीठात शिकत होती. इंटर्नशिप संपल्यावर तिला इथेच नोकरी हवी होती आणि तिचे नाव सुचवणे विभागप्रमुख प्रेबेनच्या हातात होते.

तिने ग्राहकांच्या फोनची ध्वनिमुद्रणे चिकाटीने ऐकली. एके दिवशी ती प्रेबेनला म्हणाली, "यंत्राची चौकशी कमी ऐकू येणारे करतच नाहीत. त्यांच्या मुली करतात. आपण जाहिरात भलत्यालाच दाखवतोय."

"मग काय, मुलींना यंत्रं विकायची?" प्रेबेन हसला.

"मुलींशी बोलायचं. आईला तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगून त्या थकल्यात."

प्रेबेनचे हसू थांबले. "हे जरा लिहून दे मला."

कंपनीच्या लंडनमधल्या मुख्य साहेबांना कल्पना फार आवडली. बैठकीत पडद्यावरून त्यांनी विचारले, "हे सुचलं कुणाला?"

मित्रांनो, आमच्याकडे कुणी स्वतःची पाठ थोपटत नाही. तसे करणारा सर्वांच्या मनातून उतरतो. मारेनने प्रेबेनकडे पाहिले. मोठ्याने धाकट्याचे नाव घ्यायचे, ही रीतीची दुसरी बाजू. प्रेबेन कॉफी ढवळत राहिला. शेवटी तीच म्हणाली, "आमच्या टीमला."

"अगदी बरोबर," प्रेबेन म्हणाला.

टीमचा प्रमुख म्हणून बढती प्रेबेनला मिळाली. मला त्याच्या टेबलावर मारेननेच नेऊन ठेवले. गाठ तिने नीट बांधली होती.

तिने नोकरीबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "तू हुशार आहेस गं. पण वरच्यांना अनुभवी माणूस हवाय. मी तरी काय करणार?"

आमच्याकडे निरोपाचा केक जाणाऱ्यानेच आणायचा असतो. शेवटच्या दिवशी तिने घरी केलेला केक प्रेबेनच्या टेबलावर, माझ्याशेजारी ठेवला. सगळे जमले.

"झकास झालाय," पलीकडच्या विभागातला एक जण म्हणाला. "वाढदिवस कुणाचा?"

"कुणाचा नाही. मी चाललेय."

"अरेच्चा, आत्ताच तर आली होतीस." त्याने दुसरा तुकडा उचलला.

तेवढ्यात मला कुणाचे तरी कोपर लागले. माझी गाठ सुटली आणि कापड घसरून अर्ध्यावर आले. मारेनने ते पाहिले. सवयीने हात पुढे केला, क्षणभर थांबवला आणि मागे घेतला. मग कोट चढवून ती निघून गेली. बाकीचे माझ्याभोवती केक खात राहिले.

मित्रांनो, मला कुणापुढे ठेवायचे झाले, तर आधी विचारा, काम कुणाचे? ज्याला ठाऊक आहे तोच गप्प बसणार असेल, तर मला कपाटातच राहू द्या. प्रेबेनच्या टेबलावर मी अजून अर्ध्यावरच आहे.