पाव जीवाचा तोतया

"आधी जीव मोज. मग तोतया उभा कर. मग पुन्हा जीव मोज. पाव हिस्सा कमी झाला नसेल, तर तो तोतया नव्हे, ती चोरी आहे. तसं लिही."

सोळा वर्षं झाली, पण आक्कांचा हा आवाज ताईच्या कानातून काही गेला नव्हता. आक्कांनी तिला काम शिकवलं होतं. काम तसं ऐकायला गमतीचं. कंपनी राक्षसांच्या लढाईचा गेम बनवायची आणि ताई तो गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधायची. लोक म्हणत, मजा आहे बुवा तुमची, खेळायचा पगार! त्यांना काय कल्पना, की एकच चाल चारशे वेळा खेळायची, कधी डाव्या कोपऱ्यात, कधी पाण्यात, कधी मरता मरता, आणि प्रत्येक वेळी काय घडलं ते लिहायचं. तीनशे नव्याण्णव वेळा काहीच घडत नाही. राक्षसाचासुद्धा कंटाळा येतो.

पण तोतयाची चाल ताईला मनापासून आवडायची. राक्षस संकटात आला, की स्वतःच्या जिवाचा पाव हिस्सा काढून द्यायचा आणि त्यातून एक कापडी बाहुलं घडायचं. ते पुढे उभं राहायचं, खरा राक्षस मागे. शत्रूचा घाव पडला तर बाहुल्यावर. विष फेकलं, झोप घातली, भूल टाकली, बाहुल्याला काही लागत नाही. मोठा घाव बसला तर बाहुलं फाटतं, पण उरलेला मार मागे पोचत नाही, तिथेच विरतो. एकाच गोष्टीपुढे त्याचा इलाज नाही. आवाजापुढे. डरकाळी फोडली, की ती बाहुल्याच्या आरपार जाऊन खऱ्याला लागते.

"आणि जीवच पाव उरला असेल तर?" पहिल्याच आठवड्यात ताईने विचारलं होतं.

"तर तोतया नाही," आक्का म्हणाल्या होत्या. "द्यायला काही उरलं नाही, त्याने लपू नये. सरळ उभं राहावं आणि मार खावा."

आक्का डोळ्यांनी अधू झाल्या आणि घरी बसल्या. जाताना ताईला त्यांनी आपली उशी दिली, पाठीला लावायची. आणि तपासणी विभागावर निसटे साहेब आले.

निसटे हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांचं आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण पहिल्या सहा महिन्यांतच सगळ्या खोलीने ते मोडीत काढलं. साहेबांच्या टेबलावर कागद कधी थांबत नसे आणि साहेबांच्या अंगाला दोष कधी चिकटत नसे. काम फत्ते झालं की "आपण केलं". फजिती झाली की "या लोकांना किती वेळा सांगितलं". साहेबांचा दरवाजा नेहमी उघडा असायचा, त्यात शंका नाही. फक्त साहेब आत नसायचे. आवाजही असा मऊ, की शिव्या खाऊन बाहेर पडलेल्या माणसाला वाटावं, आपलं कौतुक झालं.

ताई त्यांच्याशी कधी भांडली नाही. तिचा स्वभाव तो नव्हे. ती हळू बोलायची, डबा उघडण्याआधी डोळे मिटायची, आणि एक नेम तिने सोळा वर्षं सांभाळला होता. आपल्या हाताने खोटं लिहायचं नाही. चूक दिसली की लिहायची, नाही दिसली तर नाही दिसली असं लिहायचं. या नेमाचा तिला थोडा अभिमानही होता. थोडा कसला, बऱ्यापैकी होता.

गेम बाजारात जायला तीन आठवडे उरले असताना तिला ती चूक सापडली. चिखल्या नावाच्या राक्षसाचा पूर्ण जीव ऐंशी. मार खाऊन खाऊन तो वीसवर आला, म्हणजे नेमका पाव. ताईने तोतयाचं बटण दाबलं. नियमाने नकार यायला हवा होता. नकार आला नाही. चिखल्याने उरलेला सगळा वीस देऊन टाकला, शून्यावर आला आणि आडवा झाला. बाहुलं मात्र पुढे उभं, गालावर हसू, हात पसरलेले. मागे मढं. आणि डाव संपेना, कारण खऱ्या अंगाला मार लागल्याशिवाय राक्षस मेला की नाही हे गेम तपासतच नव्हता.

तिने लिहिलं, साहेबांना दाखवलं.

"नेमका पाव?" निसटे साहेब हसले. "अहो ताई, मार कोण मोजून खातं?"

"खाणारा खातो साहेब. एखादा तरी."

"पुढच्या वेळी बघू. प्रोग्रामरची मंडळी आधीच बेजार आहेत."

मग तो दिवस आला. चालींची यादी वर मालकीणबाईंकडे पाच वाजता जायची होती. प्रत्येक चालीपुढे 'तपासली, ठीक' आणि तपासणाऱ्याची सही. एकच ओळ रिकामी होती. साडेचार वाजता साहेब यादी घेऊन खोलीत आले.

"ताई, एवढी एक राहिली."

"ती ठीक नाही साहेब. खोट्यावर मी सही करत नाही. माझा नेम आहे."

"नेमाबद्दल मला आदर आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच असावा, कारण नेमाची माणसं वाटेतून आपणहून बाजूला होतात. "सही कुणाचीही चालेल." आणि त्यांनी चिमणीकडे पाहिलं.

चिमणी दोन महिन्यांपूर्वी लागली होती. अजून कायम झाली नव्हती. खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, म्हणून हे नाव. तिने साहेबांकडे पाहिलं नाही. ताईकडे पाहिलं.

"ताई, करू?"

ताई म्हणाली, "कर गं. काही झालं तर मी आहे ना." आणि कप विसळायला गेली.

महिन्याभरात गेमचा मोठा सामना झाला. दोनशे प्रेक्षक, भिंतीएवढा पडदा, मालकीणबाई पहिल्या रांगेत. आणि कुणीतरी मार मोजून खाल्ला. चिखल्या वीसवर, तोतया उभा, चिखल्या आडवा. समोरच्या नांग्या राक्षसाच्या मारायच्या चाली संपलेल्या, उरलं होतं फक्त विष. नांग्या विष फेकी. पडद्यावर अक्षरं येत, 'परिणाम नाही'. पुन्हा विष. 'परिणाम नाही'. बाहुलं हसतंय. पाच मिनिटं लोक श्वास रोखून बसले, दहाव्या मिनिटाला खिदळू लागले, विसाव्या मिनिटाला दर 'परिणाम नाही'ला अख्खं सभागृह एका सुरात ओरडू लागलं. पंचविसाव्या मिनिटाला निसटे साहेबांनी स्वतः उठून प्लग काढला. नोकरीत त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं काम असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा रिपोर्ट तयार होता. ताईला त्यांनी बोलावून दाखवला, हेही त्यांच्या स्वभावाला धरूनच. 'नवीन तपासनिसाचा गंभीर निष्काळजीपणा. सही सोबत जोडली आहे. सदर कर्मचाऱ्यास कायम करू नये.'

"उद्या दहा वाजता मालकीणबाई बघतील. तुम्ही काही बोलायची गरज नाही," साहेब म्हणाले. "तुमची सही नाहीच आहे मुळी. तुम्ही किती स्वच्छ आहात! पुढच्या महिन्यापासून हा विभाग तुमच्याकडेच द्यावा, असं मी सुचवतोय."

ताई खाली आली. चिमणी पाय खाली सोडून बसली होती, शाळेत बसावं तशी. तिने एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही आहात ना?"

ताईने मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की उगाच, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरी येऊन संध्याकाळी तिने साहेबांना यथेच्छ सोललं. समोर सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांच्या तारा जोडल्यामुळे कुणाचं बोलणं कुठे अडकलंय हे सासूबाईंना बरोबर कळायचं. राक्षसांत त्यांना रस नव्हता, पण ऑफिसातल्या माणसांत भरपूर होता.

"थांब थांब. बाहुलं पुढे, राक्षस मागे."

"हो आई."

"आणि बाहुल्यासाठी राक्षसाला पाव जीव द्यावा लागतो."

"द्यावाच लागतो. तोच तर नियम."

"मग त्या निसट्याने काय दिलं?"

"काही नाही! तेच तर सांगतेय. फुकटातला तोतया. जनावराला जी लाज आहे, ती या माणसाला नाही. पोरीला पुढे केलं आणि आपण मागे निवांत."

"आणि तू गं?"

"मी काय?"

"सही कर म्हणून तिला कोण म्हणालं? मघाशी तूच सांगितलंस."

"म्हणजे, मी म्हटलं खरं, पण साहेबांनीच... आणि माझा नेम आई, तुम्हाला माहीत आहे..."

"माहीत आहे की." सासूबाईंनी एक शेंग उकलली, आत किडका दाणा निघाला, तो बाजूला टाकला. "नेम तुझा आणि सही तिची. सोय चांगली आहे हो. माझ्या वेळी असले नेम मिळते तर मीही चार धरले असते."

ताई उठून आत गेली. रोजच्यासारखी हात जोडून बसली, पण ओठांवर शब्द येईनात. निसट्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून त्याला नावं ठेवायचा तिने प्रयत्न केला. इतके दिवस ते किती सोपं जायचं! आता त्या मऊ, स्वच्छ चेहऱ्याच्या जागी दुसराच एक मऊ, स्वच्छ चेहरा येऊ लागला, डोळे मिटून डबा उघडणारा. खोटं लिहायचं नाही म्हणे. लिहिलं नाहीच बाई तू. तुझे हात कसे कोरडे ठणठणीत. नेमाला तरी काय, दुसऱ्याच्या हाताने मोडलेला त्याला बिनबोभाट चालला. निसट्याने निदान नेमाचं सोंग तरी आणलं नव्हतं. तो बापडा उघडा निसटा. आपण मात्र तोतया उभा केला, त्याला 'मी आहे ना' म्हटलं, आणि जीव मोजला तर पुरता शंभर! आक्कांनी काय लिहायला लावलं असतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"आई," ती बाहेर येऊन म्हणाली, "तो विभाग मला मिळणार नाही बहुतेक. नोकरीही राहील की नाही..."

"वाटाणे घे आत," सासूबाई म्हणाल्या. "नोकरीचं उद्या बघू."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. खोलीत पडदे ओढलेले, खुर्च्या उलटसुलट. तिने मशीन लावलं, तोच डाव मांडला. चिखल्या वीसवर. तोतया. चिखल्या आडवा, बाहुलं हसतमुख. समोर तिने नांग्याऐवजी भोंग्या घेतला, ज्याच्याकडे डरकाळीची चाल होती. डरकाळी फुटली, बाहुल्याच्या आरपार गेली, मागच्या अंगाला लागली. चिखल्या मेला हे गेमला एकदाचं कळलं. बाहुलं खाली पडलं आणि डाव संपला. तिने ते लिहून काढलं. चारशे एकावी नोंद.

मग खणातून गेम बाजारात जाण्याआधीची ती जुनी नोंद काढली, तारीख असलेली, साहेबांचा 'पाहिले' असा शेरा असलेली. ती अशा कामी येईल, हे तिला महिनाभर माहीत होतं. आजवर ती खणात ठेवली होती ती स्वतःसाठी, कधी अंगाशी आलं तर. हेही तिने स्वतःला स्वच्छ सांगून टाकलं. एका कोऱ्या कागदावर तिने चार ओळी लिहिल्या. चूक मला माहीत होती. सही करू नकोस असं मी म्हणायला हवं होतं. मी कर म्हणाले. खाली आपली सही केली.

चिमणी आली तेव्हा पावणेदहा झाले होते. तिने ताईच्या हातातले कागद पाहिले.

"मी पण येऊ?"

"नको. तू बस. पाय वर घेऊन बस."

जिन्यापाशी निसटे साहेब रिपोर्टची फाईल घेऊन उभे होते. ताईच्या हातात कागद बघताच त्यांचा चेहरा आणखी मऊ झाला.

"ताई, अहो, कशाला? वर उगाच आवाज करू नका हं."

"नाही करत साहेब," ताई म्हणाली. "हळूच बोलणार आहे."

साहेब सवयीने बाजूला झाले. तिने कागद छातीशी धरले, पदर सावरला आणि मालकीणबाईंच्या मजल्याकडे एक एक पायरी चढू लागली.