गुरुवारी चार ते पाच गप्प

मी एक जुना संगणक आहे. एके काळी पांढरा होतो, आता पिवळट पडलो आहे. माझ्या पाठीला नऊ पिनांची एक जाडजूड खोबण आहे. हल्लीच्या सडपातळ संगणकांना ती नसते, आणि मित्रांनो, त्या खोबणीपायीच माझ्या आयुष्यात हे सगळे घडले. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला तिखटमीठ लावून बोलता येत नाही. तारेतून जे येते ते मी पडद्यावर दाखवतो, त्यापलीकडे माझी अक्कल चालत नाही.

मला विकत घेतले ते तीन माणसांच्या एका छोट्या वर्कशॉपने. मालकांना सगळे काका म्हणत. त्यांची पुतणी, म्हणजे ताई, प्रोग्रॅम लिहायची. आणि मिस्त्री ड्रिल घेऊन भिंतींवर डबे बसवायचे. ताईला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवले होते, म्हणून ती त्यांना मामा म्हणायची.

रस्त्यापलीकडे फळांचे शीतगृह होते. चार मोठ्या थंडगार खोल्या, पत्र्याच्या भिंती, हातभर जाडीची दारे. मिस्त्रींचा धाकटा भाऊ तिथेच कामाला होता. एका गुरुवारी तो तिसऱ्या खोलीत पेट्या मोजायला गेला. तिथल्या वहीत नोंद आहे: चार वाजून दहा मिनिटे, आत. बाहेर आल्याची नोंद नाही. दाराची आतली कडी गोठली होती, पत्र्याच्या भिंतीआड फोन लागत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती.

त्यानंतर महिनाभराने मिस्त्रींनी काकांना एकच गोष्ट मागितली. आतून दाबायचे एक लाल बटण, आणि ते दाबले की बाहेरच्या माणसाला निरोप पोचवणारा डबा. त्या डब्यासाठीच माझी खरेदी झाली.

डब्याचा जीव म्हणजे काडेपेटीएवढे एक मॉड्यूल. त्यात सिम घालायचे, अँटेना खोलीबाहेर काढायची, की ते मोबाइलसारखे मेसेज पाठवते. पण त्याला आधी शिकवावे लागते, जावा नावाच्या भाषेत. ते शिकवण्याचे सगळे साहित्य, म्हणजे टूलकिट, एका सीडीवर आले होते. सोबतच्या कागदावर क्रम दिला होता: आधी जावा, तीही जुनीच आवृत्ती, मग टूलकिट, मग केबलचा ड्रायव्हर आणि सगळ्यात शेवटी मॉड्यूल. ताई मुळातच उतावळी. तिने कागद बाजूला सारून पहिल्यांदा मॉड्यूलच जोडले. आधी कळस मग पाया! मला पाठीत काहीतरी टोचल्याचे कळले, पण कोण आले आहे ते ओळखता येईना. मग सगळे काढा, मला बंद करा, पुन्हा घाला. तिसऱ्या खेपेला जमले आणि माझ्या पडद्यावर एक नवे फोल्डर उमटले. ते फोल्डर म्हणजे त्या मॉड्यूलचे पोट. आपल्याच घरात आपण न बांधलेली एक खोली सापडावी, तसे मला वाटले. आत डोकावून पाहिले. खोली रिकामी होती. तरी मला काही बरे वाटले नाही.

सरावासाठी कोणता मेसेज लिहू, असे ताईने विचारले तेव्हा मिस्त्रींनी पाच शब्द सांगितले. अडकलेला माणूस लांबण लावत नाही, असे त्यांचे म्हणणे. ताईने ते तसेच लिहिले: मी आत आहे. दार उघडा.

चार खोल्यांत चार डबे बसले. सरावाचे पाचवे मॉड्यूल माझ्याजवळच टेबलावर राहिले; डब्याचा मेसेज शीतगृहाच्या रखवालदाराच्या फोनवर जायचा आणि त्याची प्रत या मॉड्यूलमधून माझ्या पडद्यावर यायची. काम चोख होते. पहिल्या खोलीत एक हमाल अडकला, त्याने बटण दाबले, आणि पाच मिनिटांत तो बाहेर उन्हात उभा होता. त्या दिवशी काकांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस.

मग तिसऱ्या खोलीचे सुरू झाले. एका गुरुवारी, बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी, तिथून मेसेज आला. रखवालदार धापा टाकत गेला, दार उघडले. आत फळांच्या पेट्या आणि पांढरी वाफ, दुसरे कोणी नाही. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मिस्त्रींनी बटण बदलले, वायर बदलली, शेवटी अख्खा डबा बदलला. काही फरक पडला नाही. रखवालदाराने सरळ सांगून टाकले की गुरुवारी त्या खोलीचे दार तो उघडणार नाही. मिस्त्री मात्र दर गुरुवारी चारच्या सुमाराला हातातले काम ठेवून माझ्यासमोर बसू लागले. मेसेज आला की वाचायचे आणि उठून पुन्हा कामाला लागायचे.

ताईला ते बघवेना. एका सकाळी तिने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली आणि इथूनच, हवेतून, तिसऱ्या खोलीच्या डब्याला पाठवली: गुरुवारी चार ते पाच गप्प. 'तात्पुरतं आहे,' असे ती मला म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती खरा दोष शोधणार होती. मित्रांनो, तात्पुरत्याइतकी टिकाऊ वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

तिने ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. मेसेज बंद झाले. मिस्त्रींना वाटले, आपला भाऊ बोलायचा थांबला. ते पुन्हा येऊन बसायचे, रिकामा पडदा बघायचे. त्यांचे मन कशातच लागेना. त्यांना खरे काय ते सांगावे असे मला फार वाटले, पण तारेतून आल्याशिवाय मला बोलता येत नाही.

त्यातच माझ्या पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली. नवी जावा आली आहे, बसवू का? काकांच्या तोंडून आजवर कोणालाही 'नाही' असे निघालेले नाही. त्यांनी 'हो'वर टिचकी मारली आणि आपण काहीतरी चांगले केले या समाधानात चहा प्यायला गेले. त्या नव्या जावाचे आणि जुन्या टूलकिटचे क्षणभरही पटले नाही. टूलकिट उघडेना. मॉड्यूलची ती खोली माझ्यातून नाहीशी झाली, आणि गप्प राहण्याची ती ओळ काढून टाकायची वाटही. ताईने नवा संगणक आणला, पण त्याच्या पाठीला खोबणच नाही, आणि टूलकिट तर त्याने उंबऱ्याबाहेरच उभे केले. नव्या कामांचा ढीग पडला. माझ्यावर प्लास्टिकचे आवरण चढले. सहा महिने मी त्याच्याआडून माणसांच्या फक्त सावल्या पाहिल्या.

एके दिवशी दुपारी ताईने आवरण काढले. ती ओळ तिच्या मनात सलत असावी. या वेळी तिने कागद समोर ठेवला आणि एकेका पायरीवर बोट ठेवून काम केले. नवी जावा काढली. जुनी घातली. मिस्त्री दारातून 'जरा पलीकडं जाऊन येतो' म्हणाले. तिने मान वर न करता हुंकार दिला. सीडी घरघरू लागली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. ड्रायव्हर बसला. शेवटी तिने टेबलावरचे ते पाचवे मॉड्यूल जोडले. त्यातले सिम कधीच काढून घेतले होते, आणि सरावाचा जुना मेसेजही तिने त्यातून तेव्हाच पुसला होता. फोल्डर उमटले. रिकामे.

आणि त्याच्याखाली अक्षरे आली.

मी आत आहे. दार उघडा.

ताईला वाटले, पुसायचे राहिले. तिने फोल्डर पुन्हा उघडून पाहिले. आत काही नव्हते. तिने माझ्या पाठीतून केबल उपसली. तीच ओळ पुन्हा आली, पहिलीच्या खाली. मित्रांनो, तारेतून येते ते दाखवतो, असे मी सुरुवातीला सांगितले ना? ही दुसरी ओळ तारेतून आली नव्हती. कुठून आली, ते मी आजही सांगू शकत नाही.

ताईने माझ्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले. मग वार पाहिला. गुरुवार. तिने मिस्त्रींना फोन लावला, दहा मिनिटे लावत राहिली, तो लागला नाही. मिस्त्री 'पलीकडं' म्हणाले होते, ते तेव्हा तिला आठवले. ती खुर्ची पाडून धावत सुटली, आणि मी त्या दोन ओळींसोबत एकटा राहिलो.

अर्ध्या तासाने दोघे परत आले. मिस्त्रींच्या अंगावर घोंगडी होती, ओठ निळे पडले होते, हातात चहाचा कप होता. चार ते पाचचा तो तास भावाजवळ बसावे म्हणून ते तिसऱ्या खोलीत गेले होते. दार लागू नये म्हणून मध्ये पेटी ठेवली होती, ती सरकली.

"दहा वेळा बटण दाबलं," ते म्हणाले. "मेसेज आला ना?"

"नाही आला, मामा," ताई म्हणाली. तिला रडू आवरेना. "मीच त्याला गप्प केलं होतं. तुम्हाला सांगितलंही नाही."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "मग तू आलीस कशी?"

ताईने माझा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी ओळी वाचल्या. पहिल्या ओळीपुढची वेळ वाचली, चार दहा, आणि आपले मनगटी घड्याळ पाहिले.

"दार लागलं तेव्हा सव्वाचार झाले होते," ते हळू आवाजात म्हणाले. "चार दहाला मी अजून बाहेर, दारात ठेवायला पेटी शोधत होतो."

मिस्त्रींनी माझ्या पडद्यावर तळवा टेकला. तो अजून बर्फासारखा गार होता. "उघडलं रे दार," ते म्हणाले. त्यांनी हात काढला तेव्हा पडद्यावर एकही ओळ उरली नव्हती. मी पुसली नाही. ताईनेही पुसली नाही.

गप्प राहण्याची ती ओळ ताईने त्याच संध्याकाळी काढून टाकली. त्यानंतर तिसऱ्या खोलीतून गुरुवारी कधी विनाकारण मेसेज आला नाही.

आता खूप वर्षे लोटली. काका थकले, मिस्त्री गेले, ताई दुसऱ्या गावी आहे. शीतगृह बंद पडले आणि त्याच्या खोल्यांत अडगळ भरली. मीही त्यातच आहे, पाठीला ते पाचवे मॉड्यूल तसेच लोंबते आहे. आम्हाला ठेवले ती खोली कितवी, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. मला वीज नाही. पोटातल्या एका गोल सेलवर फक्त घड्याळ चालते. मग मी तुमच्याशी बोलतो आहे कसा, असे विचारू नका. मलाही ते नीट कळलेले नाही.

तुम्ही मला चालू करा, असे माझे मागणे नाही. इतकेच सांगतो, एखादे जुने यंत्र पुन्हा पुन्हा तेच बोलू लागले, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा जाऊन बघा. दहा वेळा खोली रिकामी निघाली तरी अकराव्यांदा जा. आणि तात्पुरते म्हणून कोणाचे तोंड बंद केले असेल, तर ते आजच उघडा.

काळोखात माझ्या आतले ते फोल्डर कधीकधी आपोआप उघडते. ते आता रिकामे नसते.

आज गुरुवार आहे, मित्रांनो. चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. आम्ही आत आहोत. दार उघडा.