घरात राहायची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, निळ्या कापडी पाठीची. माझे कोपरे आता मऊ पडले आहेत आणि बाविसाव्या पानावर हळदीचा मोठा डाग आहे. तरीही मी मान वर करूनच बोलणार आहे, कारण माझ्यासारखं आयुष्य फार थोड्या वह्यांच्या वाट्याला येतं.

नागपूरच्या महाल भागात एका बाइंडरकडे माझा जन्म झाला. त्याने माझी पानं दोऱ्याने शिवली, पाठीला खळ लावली आणि दोन दिवस मला वजनाखाली दाबून ठेवलं. मग मी दुकानात गेले. २०२० सालच्या मार्चमध्ये सक्करदऱ्याच्या दुर्गेशने आपल्या मुलीसाठी, भूमिकासाठी, मला विकत घेतलं. ती सहावीत जाणार होती. माझ्यात विज्ञानाची उत्तरं लिहिली जातील, आकृत्या निघतील, अशी स्वप्नं मी पाहत होते. पण आठवडाभरात सगळं बंद झालं. शाळा, दुकानं, बस, सगळंच.

दुर्गेशचं घर सक्करदरा तलावाजवळच्या एका तीन मजली इमारतीत होतं; नागपुरात तिला स्कीम म्हणतात. घरात चार माणसं. दुर्गेश, त्याची बायको गुंजन, भूमिका आणि दुर्गेशचे वडील मनोहरराव. मनोहरराव काटोलच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या वेळेवर सोडण्यात त्यांची हयात गेली, पण चहाचं पातेलं त्यांनी कधी उचललं नव्हतं. पत्नी प्रेमिलाबाई गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले होते. गुंजन एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. तिची ड्युटी कोरोना वॉर्डात लागली. सात दिवस काम, सात दिवस वेगळं राहणं, आणि मगच घर.

निघायच्या आदल्या दुपारी तिने हाताशी आलेली वही उघडली. ती मीच होते. तासाभरात तिने माझी बारा पानं भरली. कुकरच्या किती शिट्ट्या, मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गोळ्या कोणत्या डब्यात, भूमिका रडली तर तिला आधी काय विचारायचं आणि मग काय खायला द्यायचं. अक्षर घाईचं होतं, पण एकही गोष्ट सुटलेली नव्हती. विज्ञानाच्या उत्तरांचं मला क्षणभर वाईट वाटलं, ते तिथेच संपलं.

पहिले चार दिवस त्या घराची दैना झाली. दूध उतू गेलं, पोह्यांचा लगदा झाला. दुर्गेशचं ऑफिसचं काम फोनवर चाले, आणि त्याच खोलीत मनोहररावांच्या टीव्हीवर बातम्या गरजत असत. बाप-लेकांचा आवाज इतका चढू लागला की भूमिका कानांवर उशी दाबून बसे. पाचव्या दिवशी ती मला घेऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली. ज्याला राग येईल त्याने ओरडायचं नाही, वहीत लिहायचं, असा नियम तिने केला. आईच्या माघारी ती घरातली मोठी झाली होती.

दुर्गेशने तावातावात लिहिलं, ‘बाबा दिवसभर टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात. मुद्दाम ठेवतात.’

मनोहररावांनी मला हातात घेतलं. चष्मा पुसला. मग खाली लिहिलं, ‘मले दोन वर्षांपासून कमी ऐकू येते. कोणाले सांगितलं नाही.’

दुर्गेशने ती ओळ वाचली. तो उठला आणि बाबांची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ नेऊन ठेवली. बातम्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं दोघांनी मिळून लिहिलं. मित्रांनो, माझ्या सगळ्या पानांत मला त्या दोन ओळींचा मान सर्वांत मोठा वाटतो.

त्यानंतर मनोहरराव माझे झाले. त्यांनी घराचं वेळापत्रक आखलं, अगदी स्टँडवरच्या फळ्यासारखं. गुंजनच्या सूचनांखाली त्यांच्या दुरुस्त्या पडू लागल्या. ‘तीन शिट्ट्यांत डाळ शिजत नाही. आपला कुकर सुस्त आहे. पाच द्याव्या.’ बाविसाव्या पानावरचा डाग त्यांच्या पहिल्या पिठल्याचा. पिठलं भूमिकाने दोनदा मागून खाल्लं, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं.

पण एका दुपारी दुर्गेशने माझ्यात एक वेगळंच पान लिहिलं. गुंजनच्या वॉर्डातली एक नर्स स्वतःच आजारी पडल्याचं त्याला कळलं होतं. त्याने लिहिलं की गुंजनने नोकरी सोडावी, आपल्याला ती हवी आहे, दवाखान्याला दुसरी मिळेल. ते शब्द रागाचे नव्हते, भीतीचे होते. मनोहररावांनी ते वाचलं आणि पुढच्या कोऱ्या पानावर सून घरी आल्यावरचे नियम लिहायला घेतले.

गुंजन घरी यायच्या दिवशी सकाळी स्कीमच्या लोकांनी खाली पार्किंगमध्ये बैठक बोलावली. सगळे तोंडाला रुमाल बांधून लांब लांब उभे होते. सेक्रेटरी मारोतराव वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी ब्याऐंशी वर्षांची आई होती, बायजाबाई, आणि तो घाबरला होता. साथ संपेपर्यंत गुंजनने दवाखान्याच्या होस्टेलवरच राहावं, असं सगळ्यांचं मत पडल्याचं त्याने सांगितलं. दुर्गेशची मान खाली गेली.

मनोहररावांनी मला काखेतून काढलं आणि एक पान उघडलं. गुंजन पुढच्या खोलीत राहील, तिचं ताट वेगळं, कपडे गरम पाण्यात बुडवूनच बाहेर, आणि चौदा दिवस घरातलं कोणी जिन्यावर पाय ठेवणार नाही. हे सगळं त्यांनी गाडीची घोषणा करावी तशा खणखणीत आवाजात वाचलं. मग मला मिटलं.

“सून घरीच येईन,” ते म्हणाले. “घर तिचं आहे. आन् उद्या तुमच्यातलं कोणी भरती झालं, तं पयला फोन कोणाले करान, थे सांगा मले.”

उत्तर आलं ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून. बायजाबाई कठड्याला धरून उभी होती.

“मारोत, मांगच्या साली त्या पोरीनं घरी येऊन मले रोज सुई देली. तवा तुले भेव नाही वाटलं. येऊ दे तिले.”

मारोतराव बाजूला झाला आणि स्वतःच्या हाताने त्याने फाटक उघडून ठेवलं.

दुपारी गुंजन आली. दमलेली, गालांवर मास्कचे वळ. तिने दाराशी चप्पल काढायच्या आधी दुर्गेशने मला उघडलं, ते भीतीचं पान काढलं आणि मुळापासून फाडलं. वहीचं पान फाटलं की वहीला दुखतं, मित्रांनो. मला तेव्हा दुखलं नाही.

त्या दिवसानंतर मी एका घराची उरले नाही. पहिला मारोतरावच आला. आईला घरात कोंडून ठेवावं लागत होतं आणि ती चिडत होती, काय करावं असं त्याने विचारलं. मनोहररावांनी मलाच त्याच्या हाती दिलं. मग मी स्कीममधल्या बाराही घरांत गेले. एका घरातून निघाले की एक दिवस गच्चीवर उन्हात पडून राहायची आणि मगच दुसऱ्या घरात शिरायची. एकाच फोनवर दोन मुलांची शाळा कशी भरवावी, लहान घरात एकटं रडायला जागा कुठे काढावी, नवऱ्याकडून भांडी कशी घासून घ्यावी, हे सगळं लोकांनी लोकांसाठी माझ्यात लिहिलं. माझ्या पुठ्ठ्यावर भूमिकाने रंगीत अक्षरांत नाव घातलं, ‘घरात राहायची वही’. तिच्या बाईंनी ऑनलाइन वर्गात मला पाहिलं. शाळा उघडल्यावर माझ्या पानांवरून त्यांनी एक लहानसं पुस्तक करून घेतलं, शंभर प्रतींचं. शाळेच्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे. तिच्यावर नंबर आहे, शिक्का आहे. वहीच्या पोटी पुस्तकं जन्मली, मित्रांनो!

पुढे दिवस बदलले. त्या काळाची आठवणही कोणाला नको झाली. मी माळ्यावर गेले, जुन्या गाइडांच्या खोक्यात. कसर माझ्या कडा कुरतडू लागली. चार पावसाळे मी तिथे काढले. मी रुसले नाही. लोक बरे झाले म्हणूनच मला विसरले, अशी मी मनाची समजूत घातली.

गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचा पियूष दारात आला. त्याच्या बायकोला, नूपुरला, बढती मिळाली होती आणि तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला ती नाशिकला निघाली होती. घरात सहा वर्षांची मुलगी आणि तो. संकोचून तो म्हणाला, “काकाजी, ते वही आहे काय अजून?”

मनोहररावांच्या कानाला आता यंत्र आहे. त्यांनी पहिल्याच वेळेस ऐकलं. भूमिका स्टुलावर चढली, तिने मला खाली काढलं, ओढणीने पुसलं. मनोहररावांनी मला पियूषच्या हाती दिलं आणि एवढंच म्हणाले, “वाचून वापस नको करू गा. लिहून वापस कर.”

तीन महिन्यांनी मी परत आले. मागच्या बाजूला पियूषच्या अक्षरातली चार पानं घेऊन. पहिली ओळ अशी आहे, ‘पोरीची वेणी घालताना आधी केसांना तेल लावावं आणि तिला गोष्ट सांगत राहावं. गोष्ट संपायच्या आत वेणी झाली पाहिजे.’

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वही असेल, आजीची, आईची, कोणाचीही. तिला कसर लागू देऊ नका, ऊन दाखवा. पण नुसतं जपून ठेवू नका. तुम्हाला जे जमलं, ते पुढच्यासाठी तिच्यात लिहा. माझी अजून एकवीस पानं कोरी आहेत, आणि पहिल्या मजल्यावर परवाच एक बाळ जन्माला आलं आहे.