पिवळी पाटी

शनिवारी सकाळी परदेशातल्या पामर्स्टन नॉर्थ शहरात, एका मराठी घरात पाहुण्यांसाठी पोहे भिजत होते.

"आई, पाणी एवढं पुरे?" सुमेधानं विचारलं.

सव्वीस वर्षांची मुलगी, बियाण्यांच्या लॅबमध्ये शास्त्रज्ञ, आणि पोह्यांच्या पाण्यालाही आईची परवानगी! कांचनताईंना एरवी याचं कौतुक वाटे. आज मात्र ते त्यांना खटकलं.

सुमेधाकडे चार वर्षं नुसतं शिकाऊ लायसन्स होतं. गाडीला 'एल'ची पिवळी पाटी, आणि शेजारी बाबा, म्हणजे मोरेश्वरराव, बसल्याशिवाय ती हलायची नाही. एकटीनं गाडी चालवण्याची टेस्ट तिनं दोनदा बुक केली. दोन्ही वेळा कांचनताईंनी तिच्या लॅपटॉपवरून ती गुपचूप रद्द केली आणि "तिकडूनच कॅन्सल झाली गं" म्हणून सांगितलं. पोरगी कुठे धडकली तर? एकटी हिंडायला लागली तर? आपल्याकडे मुलगी आईबापांच्या हातून नवऱ्याच्या हाती जाते, मध्ये सुटी राहत नाही, हेच त्या ऐकत आल्या होत्या. दुसऱ्या वेळी सुमेधा म्हणाली होती, "मला नाहीच जमायचं बहुतेक." कांचनताईंनी तिच्या भातावर तूप वाढलं होतं.

अकरा वाजता सुमेधाला बघायला रिकार्टनहून पाहुणे आले, आरव आणि त्याची आई निवेदिताबाई.

"'मुलगी एकटी कुठे जात नाही', हे बायोडेटातलं वाक्य वाचलं आणि मी ह्याला म्हटलं, बस्स, हीच!" निवेदिताबाई हसल्या. मोरेश्वररावांची छाती फुगली. ते वाक्य त्यांचंच होतं.

"मला कामासाठी हीप्स ट्रॅव्हल असतं, सारखं गावोगाव," आरव सुमेधाला म्हणाला. "आठवडाभर एकटी मॅनेज करशील ना?"

सुमेधानं आधी आईकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "एकटीला नाही जमणार मला."

"नकोच जमायला! मी येऊन राहीन की," निवेदिताबाई म्हणाल्या.

कांचनताईंनी हातातली बशी खाली ठेवली. लेकीच्या तोंडून आपलंच पाप बोलतंय, हे त्यांना लख्ख कळलं.

"तिला जमतं," त्या म्हणाल्या. "सुमे, तुझी टेस्ट मी रद्द केली होती. दोन्ही वेळा."

"पाहुण्यांसमोर हे काय काढलंस?" मोरेश्वरराव ओरडले.

सुमेधाचा चेहरा पांढराफटक पडला. "चार वर्षं मी स्वतःला बावळट समजतेय, आई!" मग तिनं डोळे पुसले आणि पाहुण्यांकडे वळली. "सॉरी, काकू. मला इतक्यात कुणाच्या हाती जायचं नाही. आधी स्वतःचं स्वतः करून बघते."

पुढचे तीन आठवडे ती आईशी कामापुरतंच बोलली. तिनं पुन्हा बुक केलेल्या टेस्टला मोरेश्वरराव मुकाट्यानं शेजारी बसून गेले. सुमेधा पास झाली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात निघाली. कांचनताई सवयीनं चप्पल घालून बाहेर आल्या आणि त्यांनी गाडीच्या दाराला हात घातला.

"नको, आई. मी एकटीच जाऊन येते."

तिनं किल्ली फिरवली. कांचनताईंनी हात मागे घेतला. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

अर्ध्या तासानं कोथिंबीर घेऊन सुमेधा परतली. काढून ठेवलेली पिवळी पाटी ती कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा कांचनताईंनी तिचा हात धरला.

"राहू दे ती," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मीसुद्धा शेजारच्याच सीटवर बसलेय. मला शिकवशील?"